शलमोनाची अंगठी

चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेममध्ये गुड फ्रायडेला भाविकांची रांग लागायची. येशूच्या क्रुसाचं म्हणून जपलेलं लाकूड समोर ठेवलेलं असे. एकेकानं यावं, कपाळ टेकवावं, चुंबन घ्यावं आणि पुढे सरकावं. साधारण ३८१ ते ३८४च्या दरम्यान तिथे राहिलेल्या एगेरिया या यात्रेकरू स्त्रीनं हा विधी लिहून ठेवला आहे. ती सांगते की तिथेच एक डीकन दोन वस्तू घेऊन उभा असे: इस्राएलच्या राजांना अभिषेक करायचं शिंग आणि शलमोन राजाची अंगठी. लोक शिंगाचंही चुंबन घेत आणि अंगठी निरखून बघत.

ख्रिस्ताच्या मरणाच्या दिवशी, तेराशे वर्षांपूर्वीच्या यहुदी राजाची अंगठी तिथे कशी आली? तिचा माग काढत गेलं की त्या काळच्या जादूटोण्याच्या मुळाशी असलेली एक समजूत हाती लागते. भूत मोकाट नसतं. तेही कुणाच्या तरी अमलाखाली असतं, आणि योग्य शिक्क्याचा हुकूम त्याला मानावाच लागतो.

बायबलमधल्या राजांच्या ग्रंथात ही अंगठी नाही आणि भुतंही नाहीत. तिथला शलमोन ज्ञानी आहे. त्याची बोधवचनं ३००० आणि गीतं १००५. लबानोनच्या गंधसरूपासून भिंतीत उगवणाऱ्या एजोबापर्यंत सगळ्या वनस्पती त्याला ठाऊक. पण ज्या जगात आजार आणि बाहेरची बाधा यांत फारसा भेद नव्हता, तिथे मुळ्या ओळखणारा राजा भुतं उतरवणाराही ठरला, यात नवल नाही.

बाबेलच्या बंदिवासानंतरच्या शतकांत यहुदी जग देवदूतांनी आणि दुरात्म्यांनी गजबजून गेलं. हनोखाच्या नावावरच्या ग्रंथात स्वर्गातून उतरलेले दूत माणसांना मंत्र आणि मुळ्यांची विद्या शिकवतात. त्यांच्या राक्षसी संततीचे आत्मे म्हणजेच भुतं. तोबिताच्या कथेत अस्मोदी नावाचं भूत एका मुलीचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मारतं. राफाएल हा देवदूत माशाचं काळीज आणि यकृत जाळायला सांगतो, त्या धुरानं अस्मोदी मिसरला पळतो आणि राफाएल त्याला तिथे जखडतो. मृत समुद्राकाठच्या कुम्रानमध्ये या दोन्ही ग्रंथांचे तुकडे सापडले. १९५६मध्ये उघडकीला आलेल्या तिथल्या अकराव्या गुहेत भूतबाधेवरच्या स्तोत्रांची एक गुंडाळी मिळाली. तिच्या फाटक्या ओळींत शलमोनाचं नाव आहे आणि शेवटी ९१वं स्तोत्र.

अंगठी प्रथम ठळकपणे दिसते ती यहुदी इतिहासकार जोसेफसकडे. इसवी सन ९३-९४च्या सुमारास लिहिलेल्या यहुद्यांच्या इतिहासात तो एलाझार नावाच्या मांत्रिकाचा प्रसंग सांगतो. रोमन सेनानी वेस्पासियन, त्याचे मुलगे आणि सैनिक यांच्यासमोर एलाझारनं झपाटलेल्याच्या नाकाशी अंगठी धरली. तिच्या शिक्क्याखाली शलमोनानं सांगितलेली मुळी होती. नाकपुडीतून भूत ओढून काढल्यावर त्यानं शलमोनाचं नाव घेऊन त्याला परत न येण्याची शपथ घातली. भूत खरंच गेलं हे पटावं म्हणून त्यानं जवळ पाण्याचं भांडं ठेवलं होतं. जाता जाता ते उलटवायचा भुताला हुकूम होता.

ही सगळी भाषा अंमलबजावणीची आहे. प्राचीन पूर्वेत शिक्का म्हणजे राजाचा हात. फारो आपली मुद्रा योसेफाच्या बोटात घालतो आणि मिसरचा कारभार त्याच्याकडे येतो. एस्तेरच्या ग्रंथात राजमुद्रेचं फर्मान फिरवता येत नाही. भुताला घालवायचं तर त्याच्यावरही असंच फर्मान बजावायला हवं.

येशूवरच्या वादातही प्रश्न अधिकाराचाच आहे. तो भुतं काढतो हे विरोधकांना मान्य आहे. भुतांचा अधिपती बालजबूल याच्या बळावर काढतो, हा त्यांचा आरोप. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याच वादाच्या ओघात येशू आपल्याला शलमोनापेक्षा थोर म्हणवतो. त्याच्या हातात मुळी नाही, अंगठी नाही; शब्द पुरतो. प्रेषितांच्या कृत्यांत इफिसमधल्या स्किवाच्या सात मुलांची गोष्ट येते. ते येशूचं नाव उसनं घेऊन भूत काढायला जातात. भूत त्यांना ओळखायला नकार देतं आणि झपाटलेला माणूस त्यांना उघडंनागडं पिटाळून लावतो. शिक्का खरा असून भागत नाही, तो वापरायचा अधिकारही लागतो.

पुढच्या शतकांत 'शलमोनाचं मृत्युपत्र' नावाची ग्रीक कथा घडत गेली. तिच्यात मंदिर बांधणाऱ्या एका मुलाचा अंगठा चोखून भूत त्याला वाळवतं, त्याची अर्धी मजुरीही नेतं. राजा प्रार्थना करतो आणि मिखाएल त्याला कोरीव खड्याची अंगठी आणून देतो. मग एकेका भुताची हजेरी होते. नाव काय, उपद्रव कोणता, कोणत्या देवदूतापुढे तू हरतोस? उत्तरं मिळाली की प्रत्येकाला कामाला जुंपायचं: कुणी दगड फोडतं, कुणी दोर वळतं. या चौकशीतून वाचकाच्या हाती कोणत्या दुखण्यावर कोणाचं नाव घ्यायचं याची जंत्री येते.

चर्चच्या धुरिणांना हे रुचलं नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेननं शलमोनाच्या नावावरच्या मंत्रांना नावं ठेवली. चौथ्या शतकात लाओदिकिया इथल्या धर्मसभेनं पुरोहितांना ताईत करायला मनाई केली. लोकांनी मात्र काळ्या हेमटाइटच्या खड्यांवर भाल्यानं हडळीला भोसकणारा घोडेस्वार शलमोन कोरून घेतला. त्याच्या मागे ग्रीक अक्षरांत तो देवाचा शिक्का असल्याचा निर्वाळा असे. ३३३मध्ये बोर्डोहून आलेल्या ख्रिस्ती यात्रेकरूला जेरुसलेममध्ये शलमोन भुतांना छळत असे ते तळघर दाखवण्यात आलं होतं.

पूर्वेला, आजच्या इराकमध्ये, पाचव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान लोक मातीच्या वाडग्यांत आतल्या बाजूनं गोल गोल मंत्र लिहून ते उंबरठ्याखाली किंवा घराच्या कोपऱ्यांत पालथे पुरत. असे दोन हजारांहून अधिक वाडगे आज ज्ञात आहेत. निप्पूर इथल्या उत्खननातले वाडगे जेम्स माँटगोमेरी यांनी १९१३मध्ये प्रसिद्ध केले. कित्येकांवर शलमोनाच्या मुद्रेनं घर बंद केल्याचा उल्लेख येतो. काहींवर तर बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला पछाडणाऱ्या लिलिथला रीतसर सोडचिठ्ठी दिलेली आहे, जुन्या काळच्या यहोशुआ बेन पेरह्या या गुरूच्या हवाल्यानं. ही बायकामुलांच्या जिवाची काळजी आहे. तान्हं बाळ दगावण्याची भीती रोजची असताना त्या माणसांनी आपल्या ओळखीच्या कायद्याचं बळ घरात आणलं.

याच मुलखात रचल्या गेलेल्या तालमूदमध्ये अंगठीवर देवाचं नाव कोरलेलं आहे. तिच्या जोरावर भुतांचा राजा अश्मदाई जखडून आणला जातो. पुढे शलमोन त्याची साखळी काढतो, अंगठीही त्याच्या हाती देतो, आणि अश्मदाई त्याला शेकडो कोस दूर भिरकावतो. राजा दारोदार भीक मागत फिरतो, आपण राजा होतो असं सांगत.

इस्लाममध्ये तो सुलेमान झाला. कुराणात जिन्न त्याच्यासाठी बांधकाम करतात. अंगठी नंतरच्या कथांनी जोडली. तिच्या मोहरेनं बंद केलेला तांब्याचा घडा अरबी कथांतल्या कोळ्याच्या जाळ्यात आला. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या पुत्रानं मराठीत आणलेल्या त्या सुरस गोष्टींतून मराठी वाचकही या शिक्क्यापर्यंत पोचला.

या सगळ्या प्रवासात अंगठीची ताकद कधीच शलमोनाची स्वतःची नाही. ती देवाच्या नावाची आहे आणि राजाकडे ती सोपवलेली आहे. ग्रीक कथेतही परक्या स्त्रीच्या मोहात मूर्तींपुढे बळी दिल्यावर त्याच्यावरची देवाची कृपा जाते. भुतांवर हुकूम चालवणारा स्वतःही हुकमाखालीच असतो, हे यहुदी आणि ख्रिस्ती सांगणाऱ्यांनी कधी नजरेआड होऊ दिलं नाही. म्हणूनच ही कथा जादूची असूनही जादूगाराला डोक्यावर घेत नाही.