पांगळ्या मांजराचा खर्च कोणी उचलायचा?

मोटारसायकलच्या धक्क्याने मागचे पाय गेलेलं मांजर परभणी जिल्ह्यात कुणी घरी आणतं आणि औषधांसाठी ओळखीच्यांकडे वर्गणी मागतं, तेव्हा 'हे काय नवीन खूळ?' असं हमखास ऐकावं लागतं. हे खूळ नाही आणि नवीन तर मुळीच नाही. १५८०च्या दशकात हिंदुस्थानात आलेल्या राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याने गुजरातेतल्या खंबायतमध्ये लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी दवाखाने असल्याचं लिहून ठेवलं आहे.

परभणीला अशा दाखल्यासाठी गुजरातपर्यंत जायचीही गरज नाही. औंढा नागनाथ १९९९मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणीतच होतं. त्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. याच अहिल्याबाई नांगराच्या बैलांना भर उन्हात पाणी पाजायला माणसं पाठवत, पाखरांना दाणे टिपता यावेत म्हणून शेतं विकत घेत, असं जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३च्या ग्रंथात नोंदवलं आहे. मात्र हा एका राणीचा दानधर्म होता. चार माणसांनी मिळून कायमची सोय लावायची, तर वेगळी व्यवस्था लागते.

ती मुंबईत उभी राहिली. १८३२मध्ये भटक्या कुत्र्यांना मारण्यासाठी सरकारने कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावलं आणि पारशांनी दंगल केली. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला निराधार जनावरांना सांभाळणारी पांजरापोळ सुरू झाली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी कापूस-साखरेसारख्या मालाच्या व्यवहारावर 'लागा' बसवून घेतला. रक्कम किरकोळ, पण दर सौद्याला जमा होणारी. पुढे परळला दिनशा पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई पशुरुग्णालय उभं राहिलं आणि १८८६मध्ये त्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं.

मराठवाड्याच्या बाजारपेठांना हा प्रकार 'धर्मादाय' म्हणून ठाऊक होता. आडत्या शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली-तोलाईबरोबर धर्मादायही कापून घेई. पुण्य व्यापाऱ्याच्या नावावर, पैसा कापूस पिकवणाऱ्याचा! बाजार समित्यांच्या नियमांनी अशा कपाती बंद केल्या, ते योग्यच झालं. प्राण्यांसाठीचा पैसा राजीखुशीनेच आला पाहिजे आणि त्याचा हिशेबही मिळाला पाहिजे.

या पैशात मांजराला फारसं स्थान नव्हतं. दान गोशाळेला जाई आणि ते समजण्यासारखं आहे, कारण बैलावर घर चालायचं. १९७२मध्ये परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आलं, तेही लाल कंधारी आणि देवणी या गोवंशांच्या मुलखात. मांजर दूधही देत नाही, नांगरही ओढत नाही. त्याच्यासाठी हात पसरावेच लागतात.

आणि पांगळ्या मांजराचं करणं सोपं नसतं. कण्याला मार बसलेल्या मांजराला अनेकदा स्वतःहून लघवी होत नाही. दिवसातून दोन-तीनदा ओटीपोटावर हलक्या हाताने दाब देऊन मूत्राशय रिकामं करावं लागतं. बुड पुसून कोरडं ठेवावं लागतं, नाहीतर कातडी सडते. दाते प्रेमाने दूध आणून देतात, पण बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, हगवण लागते. मांजराला मांस-मासळीच लागते, कारण टॉरिन हा घटक त्याला त्यातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. शाकाहारी घरातून आलेल्या पैशातून मासळी आणायची की नाही, हा संकोच खरा आहे. तो उघडपणे बोलून मिटवावा. मांजराला उपाशी ठेवून नव्हे.

तुमच्या गल्लीत असं मांजर सांभाळणारं कुणी असेल, तर एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळे होऊ नका. दर महिन्याला शंभर रुपये ठरवा, जमलं तर थेट औषधाच्या दुकानातलं बिल भरा आणि पावती मागायला लाजू नका. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र कधीही देऊ नका. मांजरासाठी ती विष आहे.