एक्स्टेन्शनचा गोंद (काढण्याची रीत)

एक्स्टेन्शनचा गोंद : केस लांब किंवा दाट दिसावेत म्हणून जोडलेले कृत्रिम वा खरे केस उतरवल्यावर मूळ केसांवर, टाळूवर आणि जोडाच्या पट्टीवर मागे राहणारा चिकट अंश. जुन्या गंगावनाला ही बाधा नव्हती. ते वेणीत गुंफत किंवा अंबाड्यात आकड्यांनी अडकवत आणि काम झाले की सोडून ठेवत. नाटकातल्या दाढी-मिशांना मात्र स्पिरिट गम लागतो आणि प्रयोग संपल्यावर तो ओढून काढणारा नट दुसऱ्या दिवशी लाल हनुवटी घेऊन फिरतो. टेपचे, केराटिनचे आणि ग्लूचे एक्स्टेन्शन आले तसा हा प्रश्न रंगपटातून घरात शिरला.

गोंद कोणता हे आधी ओळखावे लागते, कारण द्रावक त्यावर ठरतो. टेपच्या पट्टीवर ॲक्रिलिक चिकटद्रव्य असते. ते तेलाने फुगून पकड सोडते, तसेच आयसोप्रोपिल अल्कोहोलनेही सुटते. केराटिनच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या दाण्यांत पुष्कळदा पॉलिअमाइड असते. त्यावर अल्कोहोलयुक्त रिमूव्हर घालून दाणा छोट्या पकडीने चुरतात. लॅटेक्सचा ग्लू तेलाने ढिला होतो. स्पिरिट गम म्हणजे अल्कोहोलात विरघळवलेली राळ, म्हणून तो अल्कोहोलनेच उतरतो.

तेलाचा गुण कोकणाला नवा नाही. फणस फोडण्याआधी हाताला आणि पात्याला खोबरेल चोपडतात ते चीक चिकटू नये म्हणून. लागलेला चीकही पाण्याने जात नाही, तेलाने चोळल्यावर सुटतो. मात्र हीच तेलाची सवय टेपच्या मुळावर येते. ज्यांना रोज टाळूला तेल लागते त्यांचा टेप लवकर सरकतो, त्यात रत्नागिरीचा घाम आणि दमट हवा. अशांनी टेपच्या वाटेला न गेलेले बरे; एका दिवसाच्या लग्नाला क्लिपचे केस पुरतात.

काढताना डोके कोरडे असावे. केसांच्या बटा करून एक जोड मोकळा घ्यावा, जोडाच्या वरच्या कडेला तेल किंवा रिमूव्हर सोडावा आणि तो पट्टीच्या आत झिरपू द्यावा. दहा-पंधरा मिनिटांनी पट्टीची कड बोटाने उचलून पाहावी. ती सहज उचलली गेली नाही तर पुन्हा तेल घालावे. घाई इथेच नडते: ओढलेल्या पट्टीबरोबर केस मुळासकट येतात, आणि असा ताण वारंवार पडला तर त्या जागी केस कायमचे विरळ होऊ शकतात. जोड उतरल्यावर केसांवर पांढरट कण आणि तारा राहतात. त्यांवर पुन्हा तेल लावून ते चिमटीत धरून टोकाकडे सरकवावेत. मग विरळ दातांचा कंगवा टोकापासून सुरू करून हळूहळू मुळाकडे न्यावा. शेवटी तेल काढणाऱ्या शाम्पूने दोनदा धुऊन कंडिशनर लावावा. पावसाळ्यात टाळू ओली राहू देऊ नये.

या वेळी हातात केसांचा मोठा पुंजका येतो आणि बहुतेकींचा जीव तिथेच घाबरा होतो. माणसाचे रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. दीड-दोन महिने जोडात अडकून पडलेले हे गळके केस एकदम मोकळे होतात, एवढेच. काळजी करायची ती टाळूवर चकत्या दिसल्या तर.

रॉकेल, पेट्रोल, थिनर ही फणसाच्या चिकावरची गावठी औषधे डोक्याला लावू नयेत. त्यांनी टाळूची आग होते, कातडी सोलवटते. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असते. त्याची वाफ खोलीच्या तापमानाला सहज पेट घेते, तेव्हा देवाजवळचा दिवा, गॅस किंवा चालू ड्रायर जवळ असताना ती बाटली उघडूच नये. अल्कोहोललाही हेच लागू. द्रव डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुऊन डॉक्टर गाठावा. घरगुती वस्तू चिकटवण्याचा गोंद केसांत गेला असेल तर प्रकरण पार्लरचे राहत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लुईझियानातील एका महिलेने केस बसवायला असा फवाऱ्याचा गोंद मारला होता. तो काढायला शेवटी लॉस एंजेलिसमधल्या शल्यविशारदाची मदत घ्यावी लागली. राळ किंवा लॅटेक्स सोसत नसेल तर पुरळ, सूज, खाज येते. म्हणून नवा ग्लू किंवा रिमूव्हर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहावा.

उतरवलेले केस पुन्हा वापरायचे असतील तर पट्टीची रीत उलटी आहे. तिला तेल लागू देऊ नये, तेलकट पट्टीवर नवा टेप धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाने जुना गोंद पुसावा आणि पट्टी पूर्ण वाळू द्यावी. केस कृत्रिम असल्यास ॲसिटोन वर्ज्य, कारण अशा जोडांत सर्रास वापरला जाणारा मोडॲक्रिलिक धागा त्यात विरघळतो.