किंग एडवर्ड सहावा शाळा, स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन

इंग्लंडच्या वॉरिकशर परगण्यातील मुलांची ग्रामर स्कूल. होली क्रॉस या धार्मिक संघाने चालवलेल्या मध्ययुगीन शाळेला राजा सहावा एडवर्ड याने 1553 मध्ये सनद देऊन नवे रूप दिले. ‘ग्रामर’ म्हणजे लॅटिनचे व्याकरण. त्या काळी मुले दिवसभर तेच घोकत. शेक्सपिअर येथेच शिकला असे मानतात. तेव्हाची हजेरीपत्रके उरलेली नाहीत. पण त्याचे वडील नगराचे बेलिफ, म्हणजे नगरप्रमुख, होते, त्यामुळे हा तर्क भक्कम वाटतो. गिल्डहॉल या संघाच्या सभागृहाच्या माडीवरचा, जाड लाकडी तुळयांचा तेव्हाचा वर्ग आजही उभा आहे.

प्रवेश अकराव्या वर्षी, ‘इलेव्हन प्लस’ परीक्षेतून. शाळा सरकारी खर्चाने चालते, फी नाही. तरीही शिकवणी परवडणाऱ्या घरांनाच अशा परीक्षेचा अधिक लाभ होतो, हा आक्षेप रास्त आहे. 2013 पासून अखेरच्या दोन वर्षांसाठी मुलींनाही प्रवेश मिळतो. ‘एडवर्ड्स बॉइज’ ही शाळेची नाट्यमंडळी, एकेकाळी बालनटांसाठी लिहिलेली व पुढे विस्मरणात गेलेली नाटके रंगभूमीवर आणते. स्त्रीभूमिकाही मुलगेच करतात. हे काम मोलाचे आहे. दर एप्रिलमध्ये शेक्सपिअरच्या जन्मदिनाच्या मिरवणुकीत विद्यार्थी चालत जाऊन होली ट्रिनिटी चर्चमधील त्याच्या कबरीवर फुले वाहतात.