आखातात नोकरीला निघण्याआधी आणि गेल्यावर: हक्क, कागदपत्रे आणि मदतीचे मार्ग

12 जून 2024 रोजी पहाटे कुवेतमधील मंगाफ येथे कामगार राहत असलेल्या इमारतीला आग लागली. त्यात किमान 45 भारतीय कामगारांचा मृत्यू झाला. असे काही घडले की घरच्यांसमोर उभे राहणारे प्रश्न अगदी साधे असतात. पासपोर्टची प्रत कुठे आहे? करारावर कंपनीचे नाव काय होते? विमा काढला होता का? मृतदेह आणण्याचा खर्च कोण करणार? या प्रश्नांची उत्तरे माणूस घरातून निघण्याआधीच तयार ठेवता येतात. आपल्या वस्तीतून, गावातून अनेक तरुण आखातात जातात. त्यांच्यासाठी आणि त्यांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ही माहिती.

पासपोर्ट ईसीआर आहे का?

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांचा पासपोर्ट साधारणपणे 'ईसीआर' प्रकारचा असतो. असा पासपोर्ट असणाऱ्याला ठरावीक 18 देशांत नोकरीसाठी जाताना 1983 च्या उत्प्रवासन कायद्यानुसार 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान व बहरीन हे सहाही आखाती देश त्यात येतात, तसेच मलेशिया, इराक, जॉर्डन हे देशही. ईसीआर पासपोर्टवर घरकामासारख्या नोकरीसाठी जाणाऱ्या महिलेचे वय किमान 30 वर्षे असावे लागते.

अनेकांना ही मंजुरी म्हणजे कटकट वाटते. पण तिच्यामुळेच मालकाचे नाव, पगार आणि कामाचा करार सरकारी नोंदीत येतो. "आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो" असे सांगणारा एजंट नेमकी हीच नोंद टाळत असतो. टुरिस्ट व्हिसावर काम करताना सापडलात तर दंड, अटक आणि परत पाठवणी होते, आणि पगार बुडवणाऱ्या मालकाविरुद्ध दाद मागणेही अवघड होऊन बसते. दहावी झाली असेल तर पासपोर्ट काढतानाच प्रमाणपत्र जोडा, म्हणजे ही मंजुरी लागत नाही.

एजंटला किती पैसे द्यायचे?

परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना असावाच लागतो. त्याचे नाव आणि परवाना क्रमांक 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 35,400 रुपये सेवाशुल्क घेता येते. त्याहून जास्त मागितले तर तो गुन्हा आहे. पैसे बँकेतूनच द्या आणि पावती घ्या. लाख-दीड लाख रोख मागणारा गावातला 'ओळखीचा माणूस' बहुधा परवाना नसलेला सब-एजंट असतो.

आणखी एक सापळा सुशिक्षित तरुणांसाठी आहे. थायलंडमध्ये डेटा एंट्री किंवा डिजिटल मार्केटिंगची नोकरी म्हणून नेऊन तिथून म्यानमार, कंबोडिया, लाओसमधील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर कोंडले जाते. भारत सरकारने याबाबत वारंवार इशारे दिले आहेत.

विमा

'प्रवासी भारतीय बिमा योजना' ईसीआर कामगारांना बंधनकारक आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपयांचे संरक्षण मिळते. हप्ता दोन वर्षांसाठी 275 आणि तीन वर्षांसाठी 375 रुपये, अधिक कर. मालक बदलला तरी विमा चालू राहतो. पॉलिसीची एक प्रत घरी ठेवलीच पाहिजे, कारण दावा घरच्यांनाच करावा लागतो.

गेल्यावर तुमचे हक्क

पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाची नाही. अमिराती, सौदी आणि कतारमध्ये मालकाने तो अडकवून ठेवण्यास मनाई आहे. कतारच्या 2015 च्या कायद्यात यासाठी 25,000 रियालपर्यंत दंड आहे. कतारमध्ये मार्च 2021 पासून किमान वेतन महिना 1,000 रियाल आहे. राहण्या-जेवणाची सोय मालकाने केली नाही तर राहण्याचे 500 आणि जेवणाचे 300 रियाल वेगळे द्यावे लागतात. अमिरातीत वर्षभराची नोकरी पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे 30 दिवसांचा. ती मूळ पगारावर मोजली जाते, म्हणून करारात मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे सही करण्याआधी वाचा.

सौदीने मार्च 2021 पासून नोकरी बदलण्याचे व देश सोडण्याचे नियम सैल केले, पण त्या सुधारणांतून घरकामगार वगळले गेले. भांडण झाले म्हणून काम सोडून निघून जाऊ नका. मालक 'हुरूब', म्हणजे पळून गेल्याची तक्रार नोंदवतो आणि तुमचीच बाजू बेकायदा ठरते. आधी कामगार खात्याकडे तक्रार करा.

सामान, वर्गणी आणि पोस्ट

खसखस आखातात अमली पदार्थात मोडते. तेव्हा अनारसे आणि खसखस घातलेला घरचा मसाला बॅगेत नको. कोडीन किंवा ट्रॅमॅडॉल असलेली औषधे मंजुरीशिवाय नेऊ नका. दुसऱ्याचे बंद पुडके कधीच घेऊ नका.

कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावे: अमिरातीत परवान्याशिवाय देणग्या गोळा करणे गुन्हा आहे. मग ती जयंतीची वर्गणी असो वा मृत सहकाऱ्याच्या कुटुंबासाठीची मदत. कुठल्याही धर्माचा अपमान करणारी पोस्ट, साधी फॉरवर्ड केलेली असली तरी, नोकरी आणि स्वातंत्र्य दोन्ही घालवू शकते.

अडचण आली तर

भारतीय दूतावासात तक्रार करा आणि 'मदद' पोर्टलवर नोंदवा. तिथे तक्रार क्रमांक मिळतो आणि घरचे लोकही तक्रार करू शकतात. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री क्रमांक 1800 11 3090 आहे. दुबई, रियाध, जेद्दा आणि क्वालालंपूर येथेही अशी केंद्रे आहेत. 2009 मध्ये सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून अडकलेल्यांचे तिकीट, तात्पुरता निवारा, कायदेशीर मदत आणि मृतदेह आणण्याचा खर्च दूतावास करू शकतो. ही मदत गरजूंसाठी आहे आणि ती मागावी लागते.

मतदानाचा हक्क

परदेशात असलात तरी मतदार राहता येते. फॉर्म 6ए भरून पासपोर्टवरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येते. मत मात्र केंद्रावर प्रत्यक्ष येऊन, मूळ पासपोर्ट दाखवूनच द्यावे लागते.

घरी एक फाइल

पासपोर्ट, व्हिसा, करार आणि विम्याच्या प्रती, एजंटचा परवाना क्रमांक, पैशांच्या पावत्या, कंपनीचा पत्ता आणि सोबत राहणाऱ्या दोघांचे फोन नंबर एका फाइलमध्ये घालून घरी ठेवा. वस्तीतून कुणी निघाले असेल तर कार्यकर्त्यांनी निरोप समारंभाआधी ही फाइल तयार झाली का, ते विचारावे. ती करायला तासभर लागतो. ती नसेल तर संकटात सापडलेल्या माणसाचा माग काढण्यातच घरच्यांचे मोलाचे दिवस जातात.