डब्यातले तूप

तुमच्या आजीच्या फडताळात ताडाच्या झाडाचे चित्र असलेला पिवळा डबा होता ना? त्याचे कूळ जर्मनीतले. विल्हेल्म नॉर्मान या रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली पातळ तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करण्याचे पेटंट नोंदवले. आपल्याकडे १९३७ साली डालडा आला. साजूक तूप परवडेना, हे स्वस्त. लग्नाच्या पंगती त्यावर उठल्या. वनस्पतीचे म्हणून पुष्कळांना ते निर्धोकही वाटे! पण तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स मेद तयार होतो. तो रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो नि चांगले घटवतो, रोहिण्यांत थर साचायला त्याने हातभार लागतो, हे हॉलंडमधल्या संशोधकांच्या १९९० सालच्या प्रयोगानंतर उमगत गेले. भारतात तेलातुपातल्या या मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आली ती २०२२ च्या जानेवारीत. तोवर आजीच्या त्या डब्यात तुळस लागली होती.