मथळ्यांत उरकलेली अकरा वर्षं
'लेडी सिंग्ज द ब्लूज' (१९७२) पाहिला, की बिली हॉलिडे व्यसनापायी संपली असंच वाटतं. डायना रॉसने जीव ओतलाय. मला खटकतो तो शेवट. कार्नेगी हॉलमधल्या गाण्यावरच सिनेमा थांबतो, पुढची अकरा वर्षं वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत उरकतो. खरी शोकांतिका तिथेच आहे. १९४७मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आणि तिचं कॅबरे कार्ड गेलं. न्यूयॉर्कमध्ये दारू विकणाऱ्या क्लबात गायला हा परवाना लागायचा. १९४८मध्ये कार्नेगी हॉल गच्च भरवणाऱ्या बिलीला त्याच शहरातले जॅझ क्लब बंद होते! १९५९मध्ये मरणाच्या दारात असताना पोलिसांनी तिला रुग्णालयातल्या खाटेवरच अटक केली. व्यसन तिचं होतं. पण तिची रोजीरोटी तोडली ती कायद्याने.