चयापचय लक्षणसमूह आणि कौटुंबिक इतिहास

चयापचय लक्षणसमूह (मेटाबोलिक सिंड्रोम): पोटाचा घेर, रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी यांच्या एकत्र बिघाडाला दिलेले नाव. अमेरिकी वैद्य जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये या बिघाडाची सांगड इन्सुलिनला न जुमानणाऱ्या शरीराशी घातली. २००९ च्या संयुक्त व्याख्येनुसार पुढील पाचांपैकी तीन गोष्टी आढळल्यास निदान होते : कंबर पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. किंवा अधिक (दक्षिण आशियाई निकष), ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एचडीएल पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० पेक्षा कमी, उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक (सर्व मिग्रॅ. प्रति डेसिलिटर) आणि रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक.

आनुवंशिकता : हा एका जनुकाचा आजार नाही. टीसीएफ७एल२ जनुकाचा मधुमेहाशी संबंध २००६ मध्ये आइसलँडमध्ये दिसला. पुढच्याच वर्षी पुण्यातील रुग्णांतही तो आढळला. मात्र अशा एकेका जनुकाचा वाटा लहान असतो. कुटुंबाकडून जनुकांबरोबर स्वयंपाकघर, तेलाचा हात आणि बैठी सवयही मिळते. गर्भावस्थेचाही परिणाम होतो. १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात तेथील नवजात बाळे ब्रिटिश बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी, पण चरबी राखून असलेली आढळली. म्हणून घरची माणसे सडपातळ आहेत एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

इतिहास घेण्याची रीत : आईवडील, भावंडे व अपत्ये यांचा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि ते सुरू झाल्याचे वय विचारतात. आईला गरोदरपणी साखर होती का, हेही नोंदवतात. वडील वा भावाला ५५ पूर्वी, आई वा बहिणीला ६५ पूर्वी हृदयविकार झाल्यास त्याचे महत्त्व अधिक. नागपुरात उपचारासाठी विदर्भातील खेड्यापाड्यांतून रुग्ण येतात. त्यांच्या ‘आमच्या घरी कोणालाच शुगर नव्हती’ या उत्तराचा अर्थ बरेचदा ‘कोणी तपासलीच नव्हती’ असा असतो. अशा वेळी न भरलेली पायाची जखम, कापावे लागलेले बोट, लकवा किंवा चाळिशीतला अचानक मृत्यू यांची विचारपूस उपयोगी पडते.

पूर्व विदर्भात सिकलसेलचीही चौकशी हवी. या आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी फसवी ठरू शकते. तेथे उपाशीपोटी व जेवणानंतरच्या साखरेवर भिस्त ठेवावी लागते.

जोखमीचे मापन : चेन्नईच्या व्ही. मोहन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेला भारतीय मधुमेह जोखीम गुणांक यासाठी सोपा आहे. १०० पैकी जास्तीत जास्त वयाला ३०, कंबरेला २०, हालचालीला ३० आणि आईवडिलांच्या मधुमेहाला २० गुण असतात. ६० किंवा अधिक म्हणजे मोठी जोखीम. नागपूरच्या सीताबर्डीतील दुकानात दिवसभर बसणारा, व्यायाम न करणारा, ९५ सेंमी. कंबरेचा चाळिशीतला गृहस्थ घ्या. आईवडील दोघेही मधुमेही असतील तर त्याचे गुण ८० होतात. दोघेही निरोगी असले तरी ६० भरतातच. वारशाचे गुण पुसता येत नाहीत, पण कंबर व हालचाल यांचे मिळून ५० गुण ज्याच्या त्याच्या हाती असतात.